रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीची बाजू

जानेवारीत आपल्याकडच्या बऱ्याच गॅलऱ्यांमध्ये एखादी कुंडी कोपऱ्यात सरकवून ठेवलेली दिसते. पाने पिवळी पडून गळालेली, माती कडेने सुटलेली, वर एखादे वाळके देठ. घरातले कोणीतरी म्हणते, ‘यातले गेलेले दिसते, माती दुसऱ्या झाडाला घालून टाका.’ पुष्कळदा तसे होतेही. त्या मातीत अमेरिलिसचा कांदा असतो, मे फ्लॉवरचा असतो, नाहीतर भुईचाफ्याचे गड्डे असतात. दोन-तीन महिन्यांत वर येणाऱ्या फुलाची तयारी आत झालेली असते आणि नेमक्या त्याच वेळी कुंडी मोडली जाते. हे पुस्तक अशा कुंडीची बाजू मांडण्यासाठी लिहिले आहे.

विषय तसा आटोपशीर आहे: वसंतात फुलणारी कंदवर्गीय झाडे घरच्या कुंडीत कशी लावायची, एका कुंडीत कोणाशेजारी कोणाला बसवायचे आणि ती वर्षानुवर्षे कशी फुलवायची. बागकामाच्या पुस्तकांत कंदफुलांना एखादे प्रकरण मिळते. त्यात लावणीची खोली, खताचे प्रमाण आणि फुलण्याचा महिना दिलेला असतो. माहिती बरोबर असते, पण जिच्यावर हे सगळे उभे आहे ती गोष्ट तिथे ओझरती येते. ती गोष्ट म्हणजे कंदाची विश्रांती. कंदफुलांच्या बाबतीत पाणी देण्याइतकेच पाणी थांबवणे महत्त्वाचे असते आणि कुंडीतली मांडणीही विश्रांतीच्या हिशेबानेच करावी लागते. हे एकदा पटले की बाकीचे नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

कंद म्हणजे काय हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. स्वयंपाकघरातला कोंब आलेला कांदा घ्या आणि शेंड्यापासून बुडापर्यंत उभा चिरा. बाहेर कागदासारखा पापुद्रा, आत एकावर एक बसलेले रसाळ पदर. हे पदर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. गेल्या हंगामात पानांनी उन्हात बनवलेले अन्न त्यांत साठलेले असते. खाली टणक, चपटी तबकडी असते. तेच खरे खोड आणि मुळे तिच्यातूनच फुटतात. मधोमध फिकट हिरवा कोंब, पदरांच्या कुशीत नीट गुंडाळलेला. ट्यूलिप, नर्गिस, हायसिंथ, अमेरिलिस, रेन लिली या सगळ्यांची घडण हीच. ग्लॅडिओलसचा कंद चिरला तर पदर दिसत नाहीत, तो आतून भरीव असतो. भुईचाफा हा हळदीच्या कुळातला, त्याचे जमिनीखालचे खोड आडवे वाढते. डेलियाची मुळेच फुगून कंद झालेली असतात. बागेत या सगळ्यांना सरसकट ‘कंद’ म्हटले तरी काही बिघडत नाही. प्रतिकूल काळ जमिनीखाली काढायचा आणि अनुकूल काळ येताच साठवलेल्या अन्नावर झपाट्याने वर यायचे, ही रीत सगळ्यांची सारखी आहे.

अमेरिलिसचा कांदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याच्या आत वाढीचा एक ठरलेला क्रम चालतो. साधारण चार पाने तयार झाली की एक फुलदांडा, पुन्हा चार पाने, पुन्हा दांडा. आत आकाराला आलेली कळी लगेच बाहेर पडत नाही. ती वर यायला वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ जातो. म्हणजे यंदाच्या मार्चमध्ये जे फूल तुम्ही पाहता ते गेल्या पावसाळ्यातल्या, किंवा त्याच्याही आधीच्या पानांची कमाई असते. फुले सुकल्यावर ‘आता नुसती पाने काय कामाची’ म्हणून ती कापून टाकणारा माणूस पुढच्या वर्षीची फुले कापत असतो. कंदफुलांबाबत एकच सूचना द्यायची झाली तर मी ही देईन: हिरवे पान कापू नका, त्याची गाठ मारू नका, ते आपणहून पिवळे पडेपर्यंत त्याला ऊन मिळू द्या.

विश्रांती दोन प्रकारची असते आणि हा भेद या पुस्तकाचा कणा आहे. काही कंद थंडीपासून बचाव करण्यासाठी झोपतात, काही कोरडेपणापासून. वसंतातली कंदफुले म्हटले की चित्रांत, कॅलेंडरांवर आणि सिनेमांत जी दिसतात, ती ट्यूलिप, डॅफोडिल, क्रोकस वगैरे मंडळी पहिल्या गटातली. त्यांची गोष्ट आधी सांगतो, कारण ती समजली की आपल्या फुलांची गोष्ट जास्त स्पष्ट होते.

ट्यूलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरउतारांवरचा. तिथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा गोठवणारा. बर्फ वितळल्यावर मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत पाने, फूल, बी असे सगळे उरकून हे झाड पुन्हा जमिनीखाली जाते. बाबराने आपल्या आत्मचरित्रात काबूलच्या परिसरातले ट्यूलिपचे बत्तीस-तेहेतीस प्रकार मोजल्याची नोंद केली आहे. उस्मानी तुर्कांनी इस्तंबूलच्या बागांत त्याला मानाचे स्थान दिले. 1593मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियस नेदरलँड्समधल्या लायडन इथे विद्यापीठाची बाग उभारायला आला आणि तिथे त्याने ट्यूलिपचे कंद लावले. पुढच्या चार दशकांत त्या देशात या कंदांचा सट्टा इतका चढला की फेब्रुवारी 1637मध्ये बाजार एकदम कोसळला. सट्टा संपला, शेती टिकली. समुद्रकिनाऱ्याजवळची वाळूमिश्रित, पाण्याचा झटपट निचरा करणारी जमीन आणि लांबलेला थंड वसंत या दोन गोष्टी कंदाला हव्या तशा तिथे मिळाल्या. लिसे गावाजवळची कॉकेनहोफ ही बाग 1950मध्ये लोकांसाठी उघडली. तिथे दर शरद ऋतूत सुमारे 70 लाख कंद हाताने लावले जातात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाखेनिंगन इथे ए. एच. ब्लाऊ या शास्त्रज्ञाने हायसिंथ आणि ट्यूलिपचे कंद निरनिराळ्या तापमानांत ठेवून, ते वेळोवेळी उघडून आत काय घडते ते पाहिले. त्यातून आणि पुढच्या संशोधनातून जे कळले ते कुंडीत ट्यूलिप लावणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचे आहे. ट्यूलिपचे फूल हिवाळ्यात घडत नाही. पाने वाळल्यानंतर, ऐन उन्हाळ्यात, कंद कोरडा पडलेला असताना त्याच्या पोटात इवल्या पाकळ्या आणि पुंकेसर तयार होतात. थंडी लागते ती दांडा लांबण्यासाठी. सुमारे 5 ते 9 अंश सेल्सियसमध्ये 12 ते 16 आठवडे गेले की दांडा उंच वाढण्यास सज्ज होतो. ही थंडी मिळाली नाही तर फूल मातीलगत, पानांच्या बेचक्यातच अडकते किंवा कळी आतच सुकते.

थंड प्रदेशातल्या घरांत या फुलांची कुंडी थर लावून भरतात. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. इथे फक्त कल्पना देतो. चाळीसेक सेंटिमीटर खोल कुंडी घ्यायची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळाशी निचऱ्याची माती घालून, वरून सुमारे वीस सेंटिमीटर खोलीवर ट्यूलिप मांडायचे. मातीचा थर, मग पंधरा सेंटिमीटरवर नर्गिस किंवा हायसिंथ, पुन्हा माती, आणि आठ-दहा सेंटिमीटरवर क्रोकस आणि मस्कारी. प्रत्येक कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल, टोक वर, आणि एकमेकांना न टेकता. खालच्या कंदाचा कोंब वरच्याला वळसा घालून आपली वाट काढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये क्रोकस, मग नर्गिस, एप्रिल-मेमध्ये ट्यूलिप, असा एकाच कुंडीचा बहर दोन-अडीच महिने चालतो. जमिनीपेक्षा कुंडी लवकर गोठते, म्हणून कडाक्याच्या थंडीत ती घराच्या भिंतीलगत किंवा गॅरेजमध्ये ठेवावी, आणि खारी कंद उकरतात म्हणून वर जाळी घालावी.

ही कुंडी पाहून पुण्या-मुंबईच्या वाचकाला मोह होणे साहजिक आहे. 2007पासून श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ट्यूलिपची मोठी बाग आहे आणि मार्चअखेर-एप्रिलमध्ये तिथे महाराष्ट्रातून पुष्कळ प्रवासी जातात. परत येताना ‘आपल्याकडे येईल का?’ हा प्रश्न घेऊन येतात. त्याचे उत्तर असे: एका हंगामापुरता येईल. थंडावा देऊन तयार केलेले कंद आणा, किंवा साधे कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात बारा-चौदा आठवडे ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद किंवा पिकलेले केळे असता कामा नये. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने कंदाच्या आतली कळी मरते. बाहेरून कंद टणक आणि निरोगी दिसत राहतो, त्यामुळे कारण शोधूनही सापडत नाही. डिसेंबरात रात्री गार झाल्या की कुंडीत लावा. फूल येईल, पण कंद पुन्हा भरणार नाही. ट्यूलिपचा मूळ कंद दर वर्षी संपतो आणि त्याच्या जागी पिल्ले येतात. त्या पिल्लांना पोसायला थंड, लांब वसंत हवा. आपल्याकडे फेब्रुवारी संपतानाच ऊन चढते आणि पाने अर्ध्यातच वाळतात. हौसेला हरकत नाही, मात्र त्याला वर्षानुवर्षांची सोबत समजू नका. नर्गिसातल्या भूमध्य समुद्राकाठच्या, घोसाने फुलणाऱ्या पांढऱ्या जाती थंडीवाचूनही फुलतात. पसरट भांड्यात गोटे भरून, कंदाच्या बुडाला जेमतेम पाणी टेकेल इतपत भरले की हिवाळ्यात त्या घरातही फुलतात.

आता आपला वसंत. आपल्याकडे कंदांना झोपवणारी गोष्ट थंडी नसून कोरडेपणा आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, नोव्हेंबर-डिसेंबरात जमीन सुकते आणि कंदाची पाने मावळतात. मग चैत्राच्या तोंडावर हवा तापते आणि पावसाचा थेंबही पडण्याआधी काही कंद फुले वर पाठवतात. डोंगरउतारांवरचा कोळकांदा असाच ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना, नुसता दांडा काढून फुलतो. पाने पावसासाठी राखून ठेवायची आणि फुले आधी उरकायची, असा या झाडांचा हिशेब आहे. घरच्या कुंडीसाठी या रीतीची तीन झाडे मी सर्वांत आधी सुचवीन.

पहिले अमेरिलिस. नर्सरीत या नावाने मिळणारी जवळजवळ सगळी झाडे दक्षिण अमेरिकेतल्या हिपिअ‍ॅस्ट्रम वंशातली असतात. 1799मध्ये इंग्लंडमधल्या आर्थर जॉन्सन या घड्याळजीने दोन जातींचा संकर करून तांबड्या पाकळ्यांवर पांढरे पट्टे असलेली पहिली संकरित जात तयार केली. आजच्या तळहाताएवढ्या फुलांच्या असंख्य जाती त्यानंतरच्या. आपल्याकडच्या जुन्या अंगणांत दिसते ती केशरी, गळ्याशी फिकट हिरवट चांदणी असलेली साधी लिली याच वंशातली आहे, आणि नवशिक्यासाठी तिच्यासारखी सोशिक दुसरी नाही. कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवून लावा. कुंडी कांद्यापेक्षा चार-पाच बोटेच रुंद असू द्या. मुळे दाटीत असली तर हे झाड खुशीत असते. फेब्रुवारीअखेर कांद्याच्या मानेशेजारी काहीतरी वर सरकू लागते. ते चपटे, पातळ आणि टोकाला गोलसर असेल तर पान; जाडसर, फुगीर आणि टोकाला किंचित दुभंगलेले असेल तर फुलदांडा. हा फरक ओळखता आला की त्या दिवसापासून पाणी वाढवायचे.

दुसरा भुईचाफा. आपल्या देशातला, घराशेजारी लावला जाणारा, आणि तरीही शहरी गॅलऱ्यांत कमी दिसणारा. मार्च-एप्रिलमध्ये, वर झाडाचा मागमूसही नसताना, थेट मातीतून फूल उमलते: अरुंद पांढऱ्या पाकळ्या आणि खाली जांभळट, दुभंगलेली रुंद पाकळी. वास गोड, आणि तो घेण्यासाठी वाकावे लागते. एक फूल एखादा दिवसच टिकते, पण एका जागेतून लागोपाठ नवी येत राहतात. मग पाने येतात: वरून रुपेरी-हिरवी नक्षी, खालून जांभळी. पावसाळाभर पाने, हिवाळ्यात सगळे गडप. अर्धी सावली त्याला मानवते, म्हणून पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या गॅलरीत तो चांगला होतो. फेब्रुवारीत त्याचे गड्डे तीन-चार सेंटिमीटर खोल लावावेत, आणि त्यावर रुजायला दुसरे काही पेरू नये, कारण फुले मातीलगत असतात.

तिसरे मे फ्लॉवर. काहीजण त्याला फुटबॉल लिली म्हणतात. मूळ आफ्रिकेतले. वर्षातून एकदाच दांडा येतो आणि त्यावर लाल, बारीक फुलांचा अखंड गोळा. एका गोळ्यात दोनशेपर्यंत फुले असू शकतात. वर्षभर सांभाळून आठ-दहा दिवसांचे फूल, असा हिशेब ज्यांना महाग वाटतो त्यांनी त्या दिवसांत घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे पाहावेत.

यांच्या मागोमाग येणारी मंडळीही आहेत. रेन लिलीचे बोटभर कंद वळवाच्या किंवा मृगाच्या पावसानंतर चार-पाच दिवसांत गुलाबी, पांढरी, पिवळी फुले देतात. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, पण आज आपल्याकडचा हार त्याच्याशिवाय होत नाही. एप्रिल-मेमध्ये लावला की पावसाळा संपता संपता त्याचे दांडे येतात. बंगळूरच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेने काढलेल्या ‘प्रज्वल’, ‘शृंगार’ अशा जाती कुंडीतही चांगल्या होतात. स्पायडर लिली, सोनटक्का, कळलावी ही पावसाळ्याची मानकरी. त्यांची दखल पुस्तकाच्या उत्तरार्धात घेतली आहे.

मांडणीचा मुद्दा इथे येतो. थंड देशातली थरांची कुंडी आपल्या कंदांना जशीच्या तशी लागू पडत नाही. तिकडे कंद खोल जातो तो गोठण्यापासून वाचायला. इकडे त्याचा शत्रू आहे पाणी, म्हणून त्याची मान मातीवर ठेवावी लागते. आपले थर खोलीत न लावता काळात लावायचे: मार्च-एप्रिलला अमेरिलिस, मेमध्ये मे फ्लॉवर, जूनमध्ये रेन लिली. पंचेचाळीस सेंटिमीटर व्यासाच्या पसरट कुंडीत मधोमध तीन अमेरिलिस, त्यांच्यामध्ये दोन मे फ्लॉवर आणि काठाने मूठभर रेन लिली, ही मी सगळ्यांत जास्त लोकांना सुचवलेली कुंडी. तिन्हींचे वेळापत्रक जुळते: पावसाळाभर पाने, हिवाळ्यात कोरडी विश्रांती, उन्हाळ्यात जाग. भुईचाफ्याला वेगळी कुंडी द्यावी. त्याची विश्रांती या तिघांसारखीच, पण ऊन कमी लागते आणि त्याचे रुंद पान शेजाऱ्यांना झाकते. डेलिया किंवा ग्लॅडिओलस मात्र या कुंडीत कधीही घालू नका. त्यांची लावणी ऑक्टोबरात, वाढ थंडीत. बाकीचे झोपलेले असताना त्यांना रोज पाणी लागते आणि त्या पाण्याने झोपलेले कंद कुजतात. याच कारणाने अमेरिलिसच्या बुडाशी पिटुनियासारखी हिवाळी फुले लावणेही टाळावे. रंगांची जोडी नंतर जुळवा, आधी विश्रांतीची जुळवा. शोभेच्या मांडणीची जी प्रकरणे पुढे आहेत ती सगळी या नियमाच्या चौकटीत लिहिली आहेत.

मातीबद्दल थोडक्यात. दोन भाग पोयट्याची किंवा तांबडी माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भरड वाळू, आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. काळी माती कुंडीत चिकट गोळा होते, ती टाळावी. नुसत्या कोकोपीटवर कंद ठेवू नये; वरून कोरडे दिसले तरी ते आत पाणी धरून बसते. तळाच्या भोकावर खापराचा एक तुकडा पुरे. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाकावी. मातीची कुंडी लवकर सुकते आणि कंदांच्या बाबतीत हा तिचा मोठा गुण आहे.

पाणी किती, हे ऋतूने ठरते. पाने जोमात असताना माती ओलसर असावी. नोव्हेंबरात पाणी हळूहळू कमी करत डिसेंबरात थांबवावे. पानांचे अन्न कांद्यात उतरायला हा काळ लागतो. फेब्रुवारीअखेर एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत थांबावे. कोकणात आणि मुंबईत मुसळधार पावसाचे चार महिने हीच खरी परीक्षा असते. कुंडी दोन विटांवर ठेवा, छज्ज्याखाली अशी सरकवा की ऊन मिळेल पण धार पडणार नाही. विदर्भातल्या वाचकांची अडचण उलटी आहे: मेमधल्या दुपारी तापलेली कुंडी मुळे भाजते, म्हणून तिला दुपारनंतर सावली द्यावी किंवा तिच्याभोवती दुसऱ्या कुंड्या मांडाव्यात.

पावसाळ्यातला एक पाहुणा आधीच ओळखून ठेवलेला बरा. काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि तांबूस खुणा असलेली ही अळी लिलीच्या पतंगाची. मादी पानाच्या पाठीवर पुंजक्याने अंडी घालते आणि लहान अळ्या सुरुवातीला घोळक्याने एकाच पानावर असतात. त्या वेळी ते एक पान काढून टाकले की काम संपते. आठवडाभर दुर्लक्ष झाले तर त्या सगळी पाने खाऊन मानेतून कांद्यात शिरतात. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी पाने उलटून पाहणे हे कोणत्याही फवारणीपेक्षा खात्रीचे.

एक इशारा ठळकपणे द्यायला हवा. अमेरिलिस, मे फ्लॉवर, नर्गिस, रेन लिली यांचे कंद दिसायला कांद्यासारखे असले तरी विषारी आहेत. पोटात गेले तर उलट्या होतात. कळलावीचा कंद तर प्राणघातक आहे. हे कंद कांद्या-बटाट्यांच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत, लहान मुले, मांजरे आणि कुत्री यांच्यापासून दूर ठेवावेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

दुसरी विनंती रानातल्या कंदांविषयी. सह्याद्रीच्या सड्यांवर आणि उतारांवर कंदवर्गीय वनस्पतींची मोठी संपत्ती आहे. साताऱ्याच्या डोंगरांत वाढणारी क्रायनम वूड्रोवी ही वळवाच्या सुमारास फुलणारी पांढरी लिली जगात दुसरीकडे कुठे आढळत नाही. पुण्यात वनस्पतिशास्त्राचे काम केलेल्या जी. एम. वूड्रो यांचे नाव तिला दिले आहे. अशा झाडांना कातळावरची बोटभर माती, तिथला पाऊस आणि तिथलाच दुष्काळ लागतो. शेणखताच्या कुंडीत ती जगत नाहीत. डोंगरावरून उपटून आणलेला एक कंद म्हणजे त्या जागेचे कायमचे नुकसान. या पुस्तकात सुचवलेले प्रत्येक झाड नर्सरीत किंवा शेजाऱ्यांकडे मिळणारे आहे. शेजाऱ्यांकडून मिळालेला कंद तर सर्वांत चांगला, कारण तो तुमच्या गावच्या हवेत आधीच रुळलेला असतो. अमेरिलिस आणि रेन लिलीला दर दोन-तीन वर्षांनी पिल्ले येतात. ती वेगळी करून वाटावीत; आपल्याकडच्या अंगणांत ही फुले पसरली ती अशीच, हातोहात.

पुस्तकाची रचना महिन्यांनुसार केली आहे. पहिल्या भागात कंदांची ओळख आणि त्यांच्या विश्रांतीचे प्रकार, दुसऱ्यात फेब्रुवारीपासून जानेवारीपर्यंतची कामे, तिसऱ्यात एकत्र लावण्याच्या जोड्या आणि मांडणी, चौथ्यात थंड प्रदेशातल्या वाचकांसाठी थरांची कुंडी. कोकण, पुण्याचे पठार, विदर्भ आणि महाबळेश्वरसारखी थंड ठिकाणे यांच्या हवेत पंधरा दिवस ते महिनाभराचा फरक पडतो, तो प्रत्येक महिन्याच्या शेवटी दिला आहे. तारखांपेक्षा झाडाकडे पाहण्यावर भर द्यावा. पान पिवळे पडू लागले आहे का, मान टणक आहे का, कोंब दिसतो आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे कॅलेंडरपेक्षा खरी असतात.

हे पुस्तक कोणत्याही महिन्यात हाती आले तरी लगेच सुरुवात करता येईल. फेब्रुवारी-मार्च असेल तर अमेरिलिसचा टणक, जड कांदा आणून लावा. एप्रिल-मे असेल तर निशिगंध. पावसाळा असेल तर शेजारच्या अंगणातली रेन लिली मुळांसकट मागून आणा आणि तिची पाने जपा. ऑक्टोबर ते जानेवारी असेल तर नवे काही विकत घेण्याआधी घरातल्या कुंड्यांची माती हलक्या हाताने चाचपून पाहा, कंद लागला तर पाणी थांबवा आणि कुंडीवर त्याचे नाव आणि तारीख लिहून ठेवा. पहिल्या वर्षी एकच कुंडी करा आणि तिचे बारा महिने नीट पाहा. पाने, विश्रांती आणि फूल यांचा एक फेरा स्वतःच्या डोळ्यांनी पूर्ण पाहिल्यावर दुसऱ्या कुंडीत काय लावायचे आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचे, हे ठरवायला तुम्हाला या पुस्तकाची फारशी गरज लागणार नाही. तसे झाले तर पुस्तकाचा हेतू सफल झाला असे मी मानेन.